उजव्या कुशीवर

सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी. प्रत्येक कप्प्यावर एका वाराचं नाव, आत एक पांढरी गोळी आणि अर्धी पिवळी.

एक जुना फोटो. त्यातल्या माणसाचा अर्धा चेहरा वाळवीने खाल्लेला. उरलेल्या अर्ध्यावरून तो पुरा करून द्यायचा आहे.

लाकडी खोकं. सुताराने इतकं मापात केलेलं की यंत्र आत सरकवल्यावर बाजूला बोट शिरत नाही.

कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं काहीतरी चपटं.

होकायंत्राची सुई. ती उत्तर दाखवते असं शाळेत शिकवतात.

खुट्.

*

फोटो स्टुडिओत त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी तिथे एका वेळी एकच माणूस असायचं, पडद्यासमोरच्या स्टुलावर मान ताठ करून बसलेलं. आज त्या स्टुलावर लॉन्ड्रीवाला उभा होता, कारण त्याला मागून दिसत नव्हतं. निवृत्त पोस्टमास्तर होते, शिकवणीवाल्या बाई होत्या, जिन्यावरची सगळी बिऱ्हाडं होती. एकीने घरून बंद पडलेला मिक्सर आणला होता आणि तो तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता. सगळ्यांच्या मधोमध, टेबलावर, एक कॉम्प्युटर उजव्या कुशीवर झोपला होता. त्याच्या पोटावर हात ठेवून दिशावाले काका डोळे मिटून उभे होते.

“झोपतो चुकीचा म्हणून उठतो चुकीचा,” काका म्हणाले. “माणूस काय अन् यंत्र काय. वीज म्हणजे तरी काय हो? वाहणारी दिशाच.”

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. त्यांना यातलं काय पटलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

काकांनी बटण दाबलं. आतला पंखा घुमला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजेड आला, आणि उजेडात स्टुडिओचे जुने मालक हसताना दिसू लागले. मालकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे या घरातल्या सासूबाईंनी, पदराने डोळे पुसले. गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला.

मागे, अंधारखोलीच्या दाराला टेकून, घरची सून उभी होती. तिला सगळेच मामी म्हणत, कारण नणंदेची मुलगी टिकली तिला मामी म्हणे, आणि टिकली जे म्हणे तेच त्या गल्लीत रूढ व्हायचं. गर्दी श्वास सोडत होती तेव्हा मामीने तो धरून ठेवला होता. त्या खोलीत चमत्कार न दिसलेली ती एकटीच. आणि तो घडवून आणणारीही तीच.

*

यंत्र सुरू होत नसेल तर आधी प्लग बघा. मग पंखा. मग कान द्या.

मालक होते तेव्हा त्या कॉम्प्युटरला दुसरं कोणी हात लावत नसे. त्यांनी त्याच्यासाठी खास लाकडी खोकं करून घेतलं होतं, धूळ बसू नये म्हणून. सासूबाईंनी त्यावर घालायला कापडाचा झगा शिवला होता. मालक गेल्यावर सासूबाई रोज सकाळी झगा काढत, बटण दाबत, पडद्यावर नवऱ्याचा फोटो आला की दोन मिनिटं बघत आणि मग म्हणत, “कर आता तुझं काम.”

काम मामीचं होतं. फाटके, विटलेले, वाळवी लागलेले फोटो ती दुरुस्त करून द्यायची. पण यंत्र म्हातारं झालं होतं. एका भुवईला केस जोडायचे तर मध्ये चहा पिऊन होई. आतला मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी बदलू या, असं तिने दोनदा सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, त्यांचा हात आहे त्यात, उघडायचं नाही. नवऱ्याने वर्तमानपत्र वर केलं. नणंद म्हणाली, “आईला दुखवू नकोस ग.” विषय मिटला.

एका दुपारी सगळे झोपले होते. मामीने नवे भाग केव्हाच आणून ठेवले होते. कॅबिनेट खोक्यातून काढून टेबलावर आडवं करायचं, मग बोर्ड बसवायचा, हे कोणीही सांगेल, पण खोक्यातून काढताना घासल्याचा आवाज झाला असता. म्हणून तिने खोक्याचं फक्त पुढचं दार आणि बाजूची फळी काढली, आणि उभ्या कॅबिनेटमध्येच, गुडघ्यांवर बसून, तोंडात टॉर्च धरून, जुना बोर्ड काढून नवा लावला. उभ्या भिंतीवर स्क्रू पिळताना तो बोटांत राहायला तयार नसतो. शेवटचा एक निसटला. खुट् झालं.

तिने जमीन चाचपली. कॅबिनेटचा तळ चाचपला. तेवढ्यात आत पलंग करकरला, म्हणून तिने कोपऱ्यातलं एक भोक तसंच ठेवून फळी लावली, झगा घातला आणि जुना बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात दडवला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बटण दाबलं. पंख्याने एक गचका घेतला आणि तो थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा गचका.

“श्वास घेतात आणि सोडून देतात,” सासूबाई म्हणाल्या. “शेवटी शेवटी असाच घेत होते.”

मग त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, तू काही केलंस का?

“मी हातसुद्धा लावला नाही, आई.”

खोटं बोलायला किती वेळ लागतो? पंख्याचा गचका जास्त वेळ टिकतो.

त्यानंतर सवड मिळेल तसं मामीने सगळं करून पाहिलं. प्लग, वायर, मेमरी काढून परत दाबून बसवणं, वीज देणारे जोड उपसून पुन्हा लावणं. काही दिसेना. दिसणार कसं? स्क्रू बोर्डाच्या मागे गेला होता. बोर्ड आणि पत्रा यांच्यात बोटाच्या नखाएवढी फट असते, तिथे तो तिरका अडकला होता आणि बोर्डाच्या पाठीवरच्या डाख दिलेल्या टाक्यांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडत होता. असं झालं की वीज भलत्या वाटेने पळते आणि वीज देणारा डबा, पुढचं जळणं टाळायला, स्वतःच गप्प बसतो. म्हणून गचका. यंत्र शहाणं होतं.

नणंदेने दिशावाल्या काकांना आणलं ते आईचं रडं बघवेना म्हणून. काका दिशा बघून दोष काढत आणि पहिल्या खेपेला कोणाकडून काही घेत नसत, त्यामुळेच त्यांना दुसऱ्या खेपेला बोलावणं असायचं. त्यांनी खोक्याजवळ होकायंत्र नेलं. सुई भिरभिरली.

“बघा. उत्तर कुठली तेच हिला कळेना. घर हरवलेल्या माणसासारखी झालीय.”

कॅबिनेट लोखंडी, शेजारी दोन स्पीकर, आणि स्पीकरच्या पोटात लोहचुंबक. सुईला दुसरं काय होणार? पण हे बोलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं की पुढचा प्रश्न आला असता, तुला यंत्राच्या पोटातलं इतकं कसं ग माहीत?

काकांनी यंत्र खोक्यातून काढायला लावलं. आधी पाठीवर निजवलं. गचका. “पाठ दुखावलीय.” मग डाव्या कुशीवर. गचका. “डावं अंग जड झालंय, आता हलकं होतंय.” मग उजव्या कुशीवर वळवलं, आणि आत काहीतरी खुट् वाजलं.

“ऐकलंत?” काका कुजबुजले. “सुटला.”

सगळ्यांनी ऐकलं होतं. मामीने दुसऱ्यांदा ऐकलं.

स्क्रू टाक्यांवरून सुटून पत्र्यावर आडवा पडला होता. काकांनी बटण दाबलं, आणि मालक हसले.

कोणताही दुरुस्तीवाला असंच करतो, हे करून बघतो, ते करून बघतो. फरक एवढाच की तो म्हणतो, हे नाही, ते असेल. काकांचं जे चुकलं तो विधी झाला आणि जे लागलं तो चमत्कार.

*

त्यानंतरचे दिवस मामीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असायला हरकत नव्हती. यंत्र आडवं पडून वाऱ्यासारखं पळत होतं. भुवई चुटकीसरशी जुळत होती. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, काकांचा हात फिरल्यापासून किती चपळ झालंय बघा. नव्या प्रोसेसरचं कौतुक काका घेऊन गेले, आणि मामीने ते खुशाल नेऊ दिलं. तिचं खोटं झाकलं गेलं होतं. एकदा केर काढताना तिने यंत्र जरा उभं केलं, तर ते तिथल्या तिथे मेलं. तेव्हा तिला सगळं नीट उलगडलं. तिने ते पुन्हा उजव्या कुशीवर ठेवलं आणि केर पुढे काढला. स्क्रू काढायची तिला गरजच उरली नव्हती.

स्टुडिओत माणसं येऊ लागली. फोटो काढायला नाही, निजलेलं यंत्र बघायला. काका आठवड्यातून दोनदा येत. मिक्सर, घड्याळं, एक शिलाई मशीन. बहुतेक तशीच राहत, पण ती आपापल्या घरी जाऊन तशीच राहत, त्यामुळे स्टुडिओत दिसायचं ते फक्त चालणारं यंत्र.

आणि मग एकदा काकांनी टिकलीकडे पाहिलं.

टिकली नऊ वर्षांची. तिला फिट्स यायच्या. सात कप्प्यांची डबी तिची. गोळ्या सुरू झाल्यापासून बराच काळ फिट आली नव्हती, पण गोळ्यांनी ती पेंगायची, वर्गात मागे पडायची, आणि तिची आई रात्रंदिवस तिच्या डोळ्यांकडे बघत बसायची. नवरा सोडून माहेरी आलेल्या नणंदेला दुसरं बघायला होतंच काय.

काकांनी होकायंत्र डाव्या तळहातावर धरलं आणि उजवा हात मुलीच्या कपाळावरून फिरवला. त्या हातात एक जाड काळपट अंगठी होती. सुई भिरभिरली.

“हेच. आजोबांच्या यंत्राचं जे, तेच नातीचं. गोळ्या दिशा बुजवतात. उजव्या कुशीवर निजव पोरीला, ताई. बाकी काही नको.”

“वन्सं, डॉक्टरांना एकदा विचारा,” मामी म्हणाली.

“तू डोळ्यांनी पाहिलंस ना ग यंत्र उठताना?” नणंद म्हणाली.

मामी म्हणाली, पाहिलं. आणि ते खरंच होतं.

*

टिकली मोरीपाशी पडली, सकाळी, दात घासताना. कपाळ कठड्यावर आपटलं. तोंडाला फेस होता आणि तो टूथपेस्टचा आहे असं नणंद आधी स्वतःला सांगत राहिली. मामीने मुलीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला आणि रिक्षा बोलवायला नवऱ्याला पिटाळलं.

दवाखान्यात कपाळाला टाके पडले. डॉक्टर बाई वयाने लहान होत्या आणि त्यांना कसली घाई नव्हती. त्यांनी एकच प्रश्न विचारला. इतके दिवस सगळं नीट चाललं होतं, तर अलीकडे काय बदललं?

“काही नाही,” नणंद म्हणाली.

“काहीतरी बदललं असणार.”

पंख्याची पाती फिरताना ऐकू येत होती. मामीला वाटलं, हा प्रश्न आपल्यालाच विचारलाय.

“गोळ्या बंद केल्यात,” ती म्हणाली.

नणंदेने मान वळवली. “तुला कसं कळलं?”

“डबी पाहिली. आज सकाळी.”

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. या गोळ्या एकदम थांबवल्या की फिट येते, आधीपेक्षा जोरात येऊ शकते, आणि लांबली तर जिवावर बेतते, असं त्यांनी सावकाश समजावलं. पेंग येते तर मला सांगायचं, मात्रा बघता येते. आजपासून सुरू करा.

घरी आल्यावर नणंदेने आईला सांगितलं, संध्याकाळी काकांना विचारू, मग बघू. सासूबाई म्हणाल्या, दिशा उलटली असेल मध्येच, तेच सांगतील. मामीने डॉक्टरांचे शब्द पुन्हा म्हणून दाखवले. नणंद म्हणाली, डॉक्टर बोलतात. यंत्र मी उठताना पाहिलंय.

डबी टेबलावर होती. आजचा कप्पा भरलेला. आता तिच्यात आणि मुलीच्या तोंडात एक निजलेलं यंत्र आडवं पडलं होतं.

*

संध्याकाळी काका आले. मागोमाग गर्दी. टिकलीच्या कपाळाची पट्टी बघून काका जराही बिचकले नाहीत. बाहेर पडताना दोष झटका देतोच, म्हणाले. चांगली खूण आहे.

मामी अंधारखोलीच्या दारातून पुढे आली. नेहमीची जागा सोडायला तिला फार वेळ लागला, म्हणजे तिला तसं वाटलं. तिने काकांना नमस्कार केला नाही. यंत्र दोन्ही हातांनी उचलून तिने ते उभं केलं. आत खुट् झालं. पंखा थांबला. मालकांचं हसू विझलं.

“अग ए,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मी दुपारी तुम्ही निजलेल्या असताना हे उघडलं होतं. आतला बोर्ड बदलला. जुना कपाटात आहे, लोकरीच्या कपड्यांखाली. माझ्या हातून एक स्क्रू आत पडला आणि मी तो शोधला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.”

ती थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. तिने प्लग उपसला. बाजूचं झाकण काढलं, लोकांना कोपऱ्यातलं रिकामं भोक दाखवलं. यंत्र डाव्या अंगावर कलतं धरून तिने पाठीवर थापट्या मारल्या. काही पडलं नाही. पुन्हा मारल्या. लॉन्ड्रीवाला स्टुलावरून उतरून जवळ आला. तिसऱ्यांदा बोर्डाच्या कडेतून एक छोटासा, साधा, चकचकीत स्क्रू घरंगळत आला आणि झाकणाच्या कडेला थांबला.

तिने तो तळहातावर घेतला.

“हाच वाजत होता. उजव्या कुशीवर निजवलं की हा टाक्यांवरून सुटायचा. उभं केलं की परत चिकटायचा. दिशा तेवढीच.”

काका हसले. ते हसण्यात तरबेज होते. “पोरी, हा तर दोषाचा देह. बाहेर आलाच ना? आण इकडे,” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

तो हात तळहाताच्या दोन बोटं अलीकडे असतानाच स्क्रू जरा हलला. आणखी जवळ आला तसा त्याने उडी मारली आणि तो टक्कन अंगठीला जाऊन चिकटला.

काकांनी स्क्रू झटकला. तो झटकला जाईना.

टिकली पट्टी बांधलेल्या कपाळाने पुढे आली. टेबलावरचं होकायंत्र तिने उचललं आणि काकांच्या बोटांजवळ नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं, एखादं नवं खेळणं लावून बघावं तसं.

“मामी, यांच्या हाताला पण फिट येतेय.”

आधी लॉन्ड्रीवाला हसला. मग शिकवणीवाल्या बाई. पोस्टमास्तर हसले नाहीत, त्यांनी डोलावलेली मान आठवून ते खाली बघत होते. काका म्हणाले की ज्या घरात श्रद्धा नाही तिथे आम्ही थांबत नाही, आणि गेले. स्क्रूसकट. मिक्सरवाल्या बाई त्यांच्यामागून दारापर्यंत गेल्या, मग परत आल्या आणि मामीला हळूच विचारलं, याच्या आत पण काही पडलं असेल का हो?

मामीने झाकण लावलं, प्लग घातला, यंत्र उभंच ठेवलं आणि बटण दाबलं. मालक हसले. उभ्याने.

सासूबाईंनी पदराने पडदा पुसला. “म्हणजे चपळ झालं ते तू केलंस,” त्या म्हणाल्या. त्यात राग होता की काय होतं, ते मामीला कळलं नाही. विचारायचा तिला हक्कही वाटला नाही.

नणंद डबी घेऊन आली. तिने आजचा कप्पा उघडला, पांढरी गोळी आणि अर्धी पिवळी टिकलीच्या हातावर ठेवली, पाण्याचा पेला धरला. मुलीने त्या गिळल्या. मग नणंद मामीकडे न बघता म्हणाली, “तेव्हाच बोलली असतीस तर मी हिच्या गोळ्या थांबवल्या असत्या का ग?”

“नाही, वन्सं.”

“मग?”

मामीने रिकामा पेला तिच्या हातातून घेतला. उत्तर होतं, पण देण्यासारखं नव्हतं.

यंत्र असो, मूल असो, चालता चालता अडलं की विचारायचा प्रश्न एकच आहे. शेवटचं काय बदललं, आणि कोणी बदललं? तो विचारायला होकायंत्र लागत नाही, अंगठी लागत नाही, डोळे मिटावे लागत नाहीत. काका लोक येतात ते आपण हा प्रश्न विचारत नाही म्हणून, आणि पुष्कळदा आपण तो विचारत नाही कारण बदलणारा हात आपलाच असतो. भोंदूला घरात घ्यायला गावभरची भाबडी माणसं लागत नाहीत. घरातलं एक जाणतं माणूस गप्प बसलं की पुरतं. तेव्हा, तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा. लाज वाटली तरी सांगा. आणि त्याच दिवशी सांगा.

त्यानंतर स्टुडिओत यंत्र उभंच असतं. खोकं माळ्यावर गेलं. कोपऱ्यातल्या भोकात मामीने दुसरा स्क्रू बसवला, या वेळी दिवसाढवळ्या, टेबलावर, सासूबाईंनी टॉर्च धरलेला असताना.

टिकली पडली तो गुरुवार होता. डबीचे कप्पे न उघडता तसेच भरलेले राहताहेत हे मामीने पहिल्यांदा पाहिलं, तो त्याआधीचा रविवार होता.